पडद्यावरची लाली

कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या फिटनेस मासिकासाठी कॅमेरा आणि मॉनिटर निवडायचं काम ताईच्या गळ्यात पडलं होतं. मासिकाची मांडणी तीच करायची, आणि मुखपृष्ठावर हमखास तिची धाकटी बहीण असायची. घरचीच मॉडेल, रुसली तरी जेवायला घरीच येणार, असं ताई गमतीने म्हणायची.

दुपारी दोघी दुकानात गेल्या. धाकटी धावताना फोटो हलू नये, एवढंच लेन्सकडून हवं होतं. ताईने दारातून एका सायकलवाल्याचे चार फोटो काढून पाहिले आणि कॅमेऱ्याचं काम आटोपलं. गाडं अडलं ते मॉनिटरपाशी. दुकानदार काकांनी दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले आणि एखादा ओळखीचा फोटो मागितला. चेहरा माहितीतला असला की फरक चटकन कळतो, म्हणाले.

ताईने येत्या अंकाचं मुखपृष्ठ लावायला दिलं. मैदानावर बिनबाह्यांच्या टी-शर्टमधली धाकटी, शेजारी तिचा व्यायाम घेणाऱ्या मॅडम, खाली मथळा : ‘सहा महिन्यांत पंधरा किलो कमी’. मथळा ताईनेच सुचवलेला.

डाव्या पडद्यावर नेहमीचीच धाकटी होती, गालांवर लाली असलेली. उजव्या पडद्याकडे ताई वाकून पाहू लागली. पिवळट कातडी, निळसर ओठ, गळ्याखाली खड्डे, दंडावर बारीक लव. उन्हाचा दोष असेल, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण त्याच उन्हातल्या मॅडम दोन्हीकडे ठणठणीत दिसत होत्या.

डावा जरा तांबूस आहे, उजवा खरे रंग दाखवतो, असं काका सांगत होते. तुमचा कॉलेजचा जुना मॉनिटरही तसाच तांबूस झाला असणार, त्यावर आजारी माणूसही टवटवीत दिसतं.

सहा महिने ताईने त्याच पडद्यावर आपली बहीण पाहिली होती. घरात धाकटी सैल स्वेटशर्टात वावरायची आणि बाहेर खाऊन आले म्हणून खोलीत निघून जायची. आईने दोनदा तिच्या खाण्याचा विषय काढला होता. दोन्ही वेळा ताईनेच तिला गप्प केलं होतं.

तोवर स्टँड बघत असलेली धाकटी मागे येऊन उभी राहिली.

“डावीकडचा घे ना. त्यात मी बरी दिसते.”

“दिसतेस गं. आहेस का?”

धाकटीने बाह्या बोटांपर्यंत ओढल्या. “अजून दोनच किलो, ताई. मग थांबते.”

मागच्या अंकाच्या वेळीही दोनच किलो राहिले होते.

ताईने उजवा मॉनिटर बांधायला सांगितला, खोकं नंतर नेते म्हणाली. रस्ता ओलांडताना तिने सवयीने बहिणीचं मनगट धरलं. अंगठा आणि बोट जुळून वर पेरभर उरलं.

“आधी डॉक्टरकडे जाऊ,” ती म्हणाली, “आईलाही तिथेच बोलावते.”

शेंगदाण्याच्या वाटणीवरूनसुद्धा तासभर भांडणाऱ्या धाकटीने हात सोडवून घेतला नाही. ती ताईसोबत चालू लागली, आणि कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत दम खायला दोनदा थांबली.