शकुताईंचा पाऊस

रमणने लॉनला जेवढं जपलं तेवढं स्वतःच्या पोटाला जपलं असतं, तर त्याचा पट्टा दोन भोकं तरी आत आला असता, असं शकुताईंचं स्पष्ट मत होतं. ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या त्या नव्या वसाहतीत सगळ्यांच्याच घरामागे लॉन होतं, पण त्यांच्या मुलाने ते अगदी डोक्यावर घेतलं होतं. त्यावर चालायचं नाही, खुर्ची टेकवायची नाही. पुण्याहून आलेल्या आईने कुंपणाच्या कडेला अळवासाठी वीतभर जागा मागितली, तर म्हणाला, "आई, लॉन सोडून काहीही माग."

शकुताईंना राग आला आणि वाईटही वाटलं. पुढच्या वर्षी पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन कायमचं इकडेच यायचं घाटत होतं. कायमचं राहायचं त्या घरात स्वतःचं म्हणावं असं काहीतरी नको का माणसाला? खोली होती, पण तिला सगळे 'गेस्ट रूम' म्हणायचे. मातीत हात घातला की घर आपलं होतं, एवढंच त्यांना कळत होतं. अळवाचे कंद तर कोपऱ्यावरच्या सामोअन दुकानात ढिगाने मिळायचे. तिथे त्याला तारो म्हणत.

त्या उन्हाळ्यात वसाहतीच्या कमिटीने नियम काढला, की लॉनच्या स्प्रिंकलरला पावसाचा सेन्सर लावलाच पाहिजे आणि पावसात पाणी उडवायचं नाही. नियम रेटला कोणी? रमणनेच. लोकांनी नाकं मुरडली, पण पहिला सेन्सर त्याने स्वतःच्या घरामागच्या लाकडी डेकलगतच्या खांबावर बसवला. लिंबाएवढी पांढरी टोपी. ती भिजली की पाऊस आला असं समजून स्प्रिंकलर बंद, पूर्ण वाळली की, म्हणजे दिवसभराने, पुन्हा सुरू.

शकुताईंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. आंघोळ करून, तांब्या घेऊन त्या रोज सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायच्या. अर्घ्याचं पाणी पायदळी येऊ नये, म्हणून पुण्यात त्या ते कुंडीत सोडायच्या. इथे डेकवर सोडलं तर त्यावरून रमणच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटत जाणार. पूर्वेला नेमका तो खांब. त्यांनी खांबाच्या माथ्यावर धार धरायला सुरुवात केली.

फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, शेजाऱ्यांची लॉनं हिरवीगार आणि रमणचं पिवळं पडायला लागलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि फोनवरचं ॲप मात्र रोज सकाळी पाऊस पडल्याचं सांगत होतं. रमणने ॲप काढून पुन्हा टाकलं, कंपनीला फोन केले, सेन्सर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एका सकाळी त्याची बायको मृदुला ईस्ट टामाकीला ऑफिसला निघता निघता कॉफीचा मग घेऊन डेकवर आली आणि तांब्याची धार बघून थबकली.

"अहो आई, तो सेन्सर आहे! त्याला वाटतंय, रोज पाऊस पडतोय."

"अगं बाई! म्हणजे ते गवत माझ्यामुळे वाळतंय?"

"तुमच्यामुळेच." मृदुलाला हसू आवरेना. "मी नाही हं सांगणार रमणला. मला अळूवडी हवीय."

दुसऱ्या दिवशी शकुताईंनी खांब बदलला का? छे. तांब्या बदलला. मोठा घेतला. मंत्र तोच, पण धार सावकाश, टोपीभोवती फिरवत. मनाला टोचलं नाही असं नाही; पण गवत गेलं की जागा आपली, हे मनात पक्कं झालं होतं.

"सूर्यनारायणा, तुला सगळं दिसतंय," त्या पुटपुटल्या. "रमणला तेवढं सांगू नकोस."

शनिवारी रमण पक्कड घेऊन बाहेर आला. चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि सेन्सरच्या दोन्ही वायरी सोडवून त्याने एकमेकींना जोडून टाकल्या. स्प्रिंकलर फुसफुसत सुरू झाले. शकुताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होत्या. आता गवत पुन्हा हिरवं होणार आणि आपलं अळू गेलं!

एवढ्यात ऑकलंडच्या पावसाने सवयीप्रमाणे न सांगता हजेरी लावली आणि त्याच्या मागोमाग बाजूच्या फाटकातून कमिटीची अध्यक्ष ग्लेनिस छत्री घेऊन आत आली.

"किया ओरा, रमण! अरे, पावसात स्प्रिंकलर?"

रमणच्या हातात पक्कड, मागे कारंजी आणि वर धो धो पाऊस. त्याचा चेहरा लॉनपेक्षा पिवळा पडला. शकुताईंना ते बघवेना. गप्प राहून मजा बघण्याइतकं काही त्यांचं काळीज दगडाचं नव्हतं. त्या पदर खोचून भर पावसात बाहेर आल्या आणि कुंपणाकडचा वाळलेला पट्टा दाखवत म्हणाल्या, "नॉट लॉन! धिस फॉर तारो. माय तारो. तारो वाँट्स हीप्स ऑफ वॉटर."

"तारो?" ग्लेनिसचे डोळे चमकले. नियम लॉनचा होता, भाजीच्या वाफ्याचा नव्हता. "स्वीट ॲज! मस्तच! कधी लावणार?"

"टुडे," शकुताई म्हणाल्या. "माय सन विल डिग."

ग्लेनिस खूश होऊन गेली. जाताना वाफा बघायला पुन्हा येईन म्हणाली. त्यामुळे पाऊस उघडताच रमणला कुदळ हातात घ्यावीच लागली. शकुताई डेकवर खुर्ची टाकून बसल्या.

"पण काय रे, तूच केलेला नियम तूच का मोडलास?"

"मग काय करणार होतो?" रमण मान वर न करता म्हणाला. "परवा खिडकीतून पाहिलं, तू त्या टोपीवर अर्घ्य देतेस. आता तुला काय सांगू, देवाचं पाणी दुसरीकडे टाक म्हणून? तुला वाटलं असतं, मुलाच्या घरात सूर्याला पाणी द्यायलाही जागा नाही. म्हटलं, वायरच जोडून टाकू."

शकुताईंना गलबलून आलं. तो मोठा तांब्या, ती सावकाश धार, सगळं सांगून टाकावंसं वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात रमणच्या पाठीमागे, खिडकीतून मृदुला जिवाच्या आकांताने मान हलवून नको नको म्हणाली.

शकुताईंनी पदराने डोळे पुसले.

"जरा खोल खण, बाळा," त्या म्हणाल्या. "आणि तसाच त्या कोपऱ्यापर्यंत ये."