लाल खुर्चीचा निळा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची लाल खुर्ची आहे आणि माझ्यावर बसणारे मुरलीधर आजोबा गेल्या महिन्यात वारले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजते. आत्मवृत्त जन्मापासून सुरू करायचं असतं.

माझा जन्म फरीदाबादच्या एका कारखान्यात झाला. साच्यात गरम प्लास्टिक ओतलं, साचा उघडला आणि मी एकदम प्रौढ बाहेर पडले. मला बालपण नाही. हा परिच्छेद त्यामुळे छोटा राहिला, क्षमस्व.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आजोबांनी मला विकत घेतलं. "आयुष्यभर फिरत्या खुर्चीवर बसलो, आता एका जागी राहणारी हवी," असं ते दुकानदाराला म्हणाले. फरीदाबादमधल्याच त्यांच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या घराबाहेर, व्हरांड्यात माझी नेमणूक झाली. रोज सकाळी ते माझ्यावर बसून पेपर वाचत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला देश कसा चालवावा ते समजावत. एकदा माझ्या पाठीला तडा गेला. घरातले म्हणाले, फेकून द्या. आजोबांनी तांब्याच्या तारेने मला टाके घातले. त्या दिवसापासून मी करकरायचंही बंद केलं.

आजोबांची नात मयुरा नववीत आहे. शाळेत तिला फोटोग्राफीचा प्रोजेक्ट मिळाला: फोटोतून भावना दाखवा. तिचे अनुराग सर सांगत, विषय अगदी मधोमध ठेवू नका, कडेला सरकवा, रिकामी जागा बोलू द्या. रंग मिठासारखे वापरा. फोटोखाली काहीही लिहू नका. चार लोकांना दाखवा आणि त्यांना काय वाटलं ते विचारून या.

मयुराला घरात मीच सापडले, कारण मी नाही म्हणू शकत नाही. 'राग' दाखवायला तिने मला उलटं केलं आणि माझा लाल रंग मोबाइलमध्ये भडक केला. आजोबा फोटो बघून म्हणाले, "ही रागावलेली नाही गं, पडलेली आहे." मग तिने 'आनंद' दाखवायला सगळीकडे पिवळा रंग चढवला.

"अरेरे," आजोबा म्हणाले, "कावीळ झाली वाटतं हिला."

"आजोबा, यार! तुम्हाला आर्ट कळत नाही."

"कळत नाही म्हणून तर खरं बोलतो."

मग आजोबांच्या छातीत दुखू लागलं. बायपास करायचं ठरलं. दवाखान्यात निघताना ते माझ्यावर बसून बूट घालत होते. "मयुरा," ते म्हणाले, "मी येईपर्यंत हिच्यावर कुणाला बसू देऊ नकोस. गुणवंतला तर मुळीच नाही, तो बसला की उठत नाही." गुणवंतराव म्हणजे सोसायटीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मयुरा हसली, पण तिने आजोबांच्या शर्टाची बाही सोडली नाही. शेवटी बाबांनी ती सोडवली.

ऑपरेशनच्या दिवशी आई-बाबा दिल्लीला दवाखान्यात होते आणि मयुरा घरी एकटी. ती रडली नाही, जेवलीही नाही. दुपारी ती मोबाइल घेऊन व्हरांड्याच्या फरशीवर पालथी पडली. मी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, एवढीशी. बाकी सगळी कोरी भिंत. मग तिने माझा लाल रंग काढून घेतला. रंग काढताना दुखत नाही, पण कुणी विचारतही नाही. भिंतीत निळा भरला, कडा काळवंडून टाकल्या. मी स्क्रीनवर स्वतःला पाहिलं. माझ्यावर कधी कुणी बसलंच नसावं, अशी मी दिसत होते. जे तिला बोलता येत नव्हतं ते सगळं त्या भिंतीवर होतं.

सरांनी सांगितल्याप्रमाणे एक शब्दही न लिहिता तिने तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तो ग्रुप सगळ्यांसारखा तिनेही म्यूट केलेला होता. मग बाबांच्या फोनची वाट बघत बसली.

आधी चौकीदार आला. टोपी काढून म्हणाला, "बाबूजी बहुत अच्छे आदमी थे," आणि डोळे पुसत गेला.

"थे?" मयुरा पुटपुटली.

मग शेजारच्या सुहासिनीकाकू आल्या. हातात पातेलं. पातेल्यात पिठलं-भात. मयुराची आजी गेली तेव्हा घरात चूल पेटली नव्हती, आणि याच काकूंनी असंच पातेलं आणलं होतं. मयुरा पातेल्याकडे बघतच राहिली.

"काकू, हे काय?"

"दोन घास खाऊन घे बाळा. आज घरात काही करायचं नसतं."

"का नसतं?"

काकूंना हुंदका आला. तेवढ्यात पांढऱ्या कुर्त्यात गुणवंतराव पोचले. "आई-बाबा निघाले का तिकडून? गाडीबिडी सगळं मी बघतो, बिल्कुल काळजी करू नकोस."

मयुराने मागे हात नेऊन मला चाचपलं. ती माझ्यावर कोसळली. इतकी वर्षं मी आजोबांचं वजन पेललं, पण त्या क्षणीच्या या पोरीएवढं जड कुणी मला कधी लागलं नाही.

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलं ना."

"कुणी टाकलं?"

काकू आणि गुणवंतराव एकमेकांकडे बघू लागले. "अगं, तूच की!"

"मी?"

"आजोबांची रिकामी खुर्ची, आणि तीही अशी काळीनिळी. त्यातून माणसाने काय समजायचं?"

"काकू, तो प्रोजेक्ट आहे!"

"प्रोजेक्ट?" गुणवंतराव दुखावले. "मी दोन मिनिटं शांत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा."

खोटी बातमी खोटी ठरली, पण खरी अजून आलीच नव्हती. तिघं पातेल्याभोवती उभी राहिली. फोन वाजला. मयुराने तो काकूंकडे धरला, काकूंनी गुणवंतरावांकडे, गुणवंतरावांनी परत मयुराकडे. तिने डोळे मिटून स्पीकर लावला.

"मयुरा, ऑपरेशन नीट झालं गं," बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. तू जेवलीस का?"

मयुरा आता कुठे रडली. काकू हसत होत्या की रडत, ते खुर्चीला सांगता येणार नाही. मग त्या तिघांनी पातेलं पुसून खाल्लं. गुणवंतराव माझ्यावर टेकणार तोच मयुरा भरल्या तोंडाने ओरडली, "काका, खाली बसा!"

आजोबा घरी आले तेव्हा माझ्यावर बसून त्यांनी ग्रुपवरचे श्रद्धांजलीचे सगळे संदेश मोठ्याने वाचले. "गुणवंत लिहितो, असा निःस्वार्थी माणूस पुन्हा होणे नाही. मयुरा, हे जपून ठेव. पुढे लागेल." मग त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला.

"मी नव्हतो तेव्हा तुला असं वाटत होतं?"

तिने मान डोलावली.

"मग फोटो बरोबर आहे. ग्रुप तेवढा चुकला."

तिने लगेच दुसरा फोटो काढला. शाल पांघरलेले आजोबा, तेही अगदी मधोमध, आणि खाली मी. या वेळी तिने लाल रंग थोडासाच वाढवला. सर म्हणाले, "भावना पोचते, पण विषय मधोमध आला." मयुरा म्हणाली, "सर, तो तिथेच बसतो."

मित्रांनो, फोटोतले रंग खुशाल कमी-जास्त करा. पण ज्याचा रंग काढाल त्याच्याजवळ आधी थोडा वेळ बसा. आणि कुणाची खुर्ची रिकामी दिसली, तर आधी फोन करा, मग पिठलं टाका.

सबब, आरंभीचे वाक्य खरे असले तरी ते वाचले नाही असे समजून, संबंधित सक्षम अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, श्री. मुरलीधर यांची या खुर्चीवरील नेमणूक तहहयात न ठेवता त्यापुढेही वेळोवेळी मुदतवाढ देऊन चालू ठेवावी, आणि सदर पद कोणत्याही परिस्थितीत रिक्त दाखवण्यात येऊ नये.