उज्ज्वलाच्या टाक्यातली गाठ

मी उज्ज्वलाच्या पोटातून काल काढलेली गाठ बोलतेय. आकाराने लिंबाएवढी. सध्या फॉर्मालिनच्या डबीत बुडून आहे.

पाच वर्षांपूर्वी उज्ज्वलाचं सिझर झालं. मुलगी सुखरूप बाहेर आली, पण गर्भाशयाच्या अस्तराचे थोडे कण टाक्यांच्या जागी, पोटाच्या भिंतीत अडकून राहिले. तीच मी. जागा बदलली तरी माझा धर्म बदलला नाही. गेली चार वर्षं उज्ज्वलाची पाळी आली की मीही आतल्या आत रक्त सोडायचे, फुगायचे. कापड मार्केटात कामावर साड्यांच्या घड्या घालता घालता ती टाका दाबून खाली बसायची.

मला थांबता येत नव्हतं. तिच्या सासूला, अनुसयाबाईंना, मात्र तोंड आवरता आलं असतं.

"दर महिनाले हाईच नाटक!" त्या म्हणायच्या.

नवरा गजेंद्र तर त्यावर कडी करायचा. पुतण्याच्या हळदीत ती कळ येऊन वाकली, तेव्हा तो भर मांडवात ओरडला, "कामाचं नाव काढलं की हिचं पोट दुखतं!" सगळे हसले. उज्ज्वला उठली आणि पुऱ्या लाटायला बसली. प्रत्येक पुरीला माझ्यावर दाब येत होता. तिचा राग मी त्या दिवशी आतून ओळखला. तो रडणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने पलसाण्याहून भावाला, रामदासला, बोलावलं आणि तपासणीला गेली. डॉक्टरबाईंनी मला बोटांनी चाचपलं, सोनोग्राफी केली, सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे हे खरं आहे ना?" उज्ज्वलाने विचारलं. "मग तसं लिहून द्या."

ऑपरेशननंतर सासू भाकरीचा डबा घेऊन आली. उज्ज्वलाने उशाजवळची डबी उचलून तिच्या हातात दिली.

"आत्याबाई, हे माझं नाटक. खाली ठेवू नका. आधी नीट बघा."

म्हातारीने डबी डोळ्यांजवळ नेली. माझ्याभोवतीचं पाणी हिंदकळत होतं. खरं सांगू? मला बरं वाटलं.

रामदासने मला लॅबला न्यायला हात पुढे केला. "दादा, तू नाही," ती दाराशी उभ्या गजेंद्रकडे बघत म्हणाली. "ही डबी हे नेतील. आणि दवाखान्यातून सुट्टी मिळाली की मी तुझ्याकडे येणार. सासरी परत जायचं की नाही, ते माझं मी ठरवीन."

गजेंद्रने रिक्षात मला गुडघ्यांमध्ये धरलं, तोंड दुसरीकडे करून.

लॅबमधल्या गुजराती मुलीने विचारलं, "भाई, तकलीफ क्यारथी छे?"

"असेल... चार महिने."

तिने डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. "आमां तो चार वरस लख्युं छे." फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "तमे ज लखो. नीचे सही."

त्याने 'चार वर्षं' लिहिलं. पेन दोनदा थांबलं. मग रिपोर्ट कधी न्यायला येऊ, असं विचारलं.

"पेशंटना ज हाथमां आपीशुं. बेननो फोन आवी गयो छे."

रिपोर्ट फक्त आपल्याच हातात द्या, असा फोन उज्ज्वलाने आधीच करून ठेवला होता. तो रिकाम्या हाताने पायऱ्या उतरला.

आता माझे काप होतील, काचेवर ठेवून मला तपासतील. तपासणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. रिपोर्टवर माझं नाव ठळक अक्षरांत लिहा. उज्ज्वलाला ते खूप जणांना वाचायला लावायचंय.