ट्रेबलचे लाल ठिपके

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. तुमच्या वर्गाच्या निम्मीसुद्धा नाही. जमिनीवर इतक्या वायरी पसरल्या आहेत की पाऊल टाकण्याआधी खाली बघावं लागतं. कोपऱ्यात लाकडी स्टुलावर छोट्या ट्रंकेएवढा एक ॲम्प्लिफायर ठेवला आहे. आता असं समजा, तुम्ही बारा वर्षांचे आहात, मांडीवर गिटार घेऊन दहा वाजल्यापासून तिथे बसला आहात. सव्वाअकरा झाले, पायाला मुंग्या आल्या, आणि अजून एक तारही तुम्हाला छेडू दिलेली नाही. कारण तीन मोठी माणसं एकमेकांना सांगत आहेत, कोणाचं सामान चांगलं.

जबलपूरला रांझीतल्या अशाच एका खोलीत अवंतिका बसली होती.

तुमच्यापैकी ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार जवळून पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही गिटार नुसती वाजवली तर डासाएवढा आवाज करते. तारांखाली लोहचुंबकाच्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. तारेचं थरथरणं त्या पकडतात आणि वायरीतून ॲम्पकडे पाठवतात. मध्ये पायाने दाबायची छोटी पेटी जोडली तर आवाज बदलता येतो. ती पेटी म्हणजे पेडल. आणि ॲम्पवर बटणं असतात, बासचं जाड आवाजासाठी, ट्रेबलचं बारीक आवाजासाठी. एवढं कळलं की पुढची गोष्ट कळेल.

खोली नीलकंठ आजोबांची होती. ते कारखान्यात घणाच्या शॉपमध्ये, म्हणजे मोठ्या यांत्रिक घणाने लोखंड ठोकतात त्या विभागात, बत्तीस वर्षं होते, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. समोर बसलेल्या दोघांना त्यांनीच शाळकरी वयात गिटार धरायला शिकवलं होतं. एक अनुपम, अवंतिकाचे बाबा, रेल्वेत नोकरीला. दुसरे पुंडलिककाका, रिछाईच्या एका फॅक्टरीतली रात्रपाळी संपवून तसेच आलेले, डोळे लाल.

"हे नवीन पाहा काका," बाबांनी नीलकंठ आजोबांसमोर सूटकेस उघडली. ते त्यांना काका म्हणत. "दहा पट्ट्या आहेत याच्यात. जो आवाज नको, त्याची पट्टी खाली ओढायची."

"सातवं ना हे पेडल?" पुंडलिककाका जांभई देत म्हणाले. "तुझी सूटकेस पाहून स्टेशनवर कुली धावत येतील, अनुपम."

"तुझ्यासारखं एकच पेडल ठेवू का? तेही रबरबँड लावलेलं?"

"रबरबँड बॅटरीच्या झाकणाला आहे, भैया. अन् ऐक, माझ्या गिटारला डबल पिकअप आहेत. आवाज आपोआप गोल येते. तुझी गिटार म्हणजे स्टीलच्या ताटावर चमचा."

"गोल! गिटारवरचं टोनचं बटण शून्यावर ठेवून वाजवून राहिला, म्हणून गोल. रजईत गुंडाळलेला आवाज आहे तो."

"रजईत झोप तरी लागते. अभी तो वो भी नसीब नहीं."

दोघं हसले, पण थकून हसले. दर रविवारी हेच बोलणं होत होतं, आणि बोलण्यातली गंमत केव्हाच विटली होती.

"पेडलनं काय होते रे," नीलकंठ आजोबा म्हणाले. त्यांनी ॲम्पवर हात ठेवला. तो त्यांनी स्वतः बनवला होता, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे वाल्व लावून. "सगळं याच्यावर आहे. अन् हा आता थकला. दोनदा वाल्व बदलले, स्पीकर बदलला, वायर बदलली. तरी दरवर्षी आवाज बसतोच याचा."

त्यावर बाबा नवं पेडल पुसू लागले आणि पुंडलिककाका वायरीची गाठ सोडवू लागले. अवंतिकाच्या ते ध्यानात आलं.

तिला घाई होती, कारण बारा वाजता बेबीताई येणार होत्या. पुढच्या रविवारी महाराष्ट्र मंडळाचं स्नेहसंमेलन होतं आणि कार्यक्रम ठरवायचं काम बेबीताईंकडे होतं. मागच्या वर्षी गिटार सुरू झाली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका खुर्च्या उचलून मागे गेल्या होत्या, लहान पोरांनी कानांवर हात ठेवले होते. म्हणून बेबीताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "मी आधी येऊन ऐकते. पोरीचंच ऐकते आधी. कानाला टोचलं तर या वर्षी गिटार नाही. पेटी-तबला आहेच." अवंतिकाने आठ महिने एकच तुकडा बसवला होता. स्टेजवर तिची ही पहिली वेळ होती, मिळाली तर.

वेळ जाईना म्हणून ती ॲम्पची बटणं बघू लागली. बघायचीच, हात लावायचा नाही. आजोबांचा नियम कारखान्यातला होता. तिथे अनुभवी माणूस मशीन सेट करतो, खूण करतो, आणि मग चालवणारा कोणीही असो, खुणेला हात लावत नाही. आजोबा दरवर्षी संमेलनाआधी ॲम्प सेट करायचे आणि त्यांच्या बायकोच्या, विभावरीआजींच्या लाल नेलपॉलिशने बटणाशेजारी ठिपका द्यायचे. त्यांच्याशिवाय कोणी बटण फिरवायचं नाही.

बासच्या बटणाला एकच ठिपका होता. आवाजाच्या बटणाला एक. ट्रेबलच्या बटणाभोवती मात्र सहा होते. पहिला चारच्या आकड्याशी, इतका फिकट की बोट लावून बघावंसं वाटावं. मग पाच, मग सहा, सातला दोन जवळजवळ, आणि शेवटचा नऊशी, या वर्षीचा, चकचकीत.

अवंतिका विचारात पडली. तुम्हीही पडा. ॲम्प म्हातारा झाला म्हणून आवाज बसला, तर जाड आवाजही बसायला हवा ना? मग बासचा ठिपका सहा वर्षांत हलला कसा नाही?

तेवढ्यात दाराची बेल वाजली. चिमणीच्या चिवचिवाटाची बेल होती. बाबांनी वर पाहिलं, पुंडलिककाकांनी पाहिलं. नीलकंठ आजोबा दाराच्या सगळ्यांत जवळ होते, ते खाली मान घालून तार पिळत राहिले. बेल पुन्हा चिवचिवली. पुन्हा. चौथ्यांदा वाजली तेव्हा आजी आतून हात पुसत आल्या आणि आजोबांच्या बाजूने जाऊन त्यांनी दार उघडलं.

"केव्हाची बेल वाजवून राहिली मी!" बेबीताई म्हणाल्या.

आजोबांनी दचकून मान वर केली. "अरे, या या! आवाज द्यायचा ना."

अवंतिकाने आजोबांकडे पाहिलं, मग त्या सहा ठिपक्यांकडे.

"चलो, वाजव बेटा," बेबीताई खुर्चीत बसल्या. "मला अजून नाटकवाल्यांकडे जायचं आहे."

बाबांनी नवं पेडल हळूच पुढे सरकवलं. आजोबांनी ते पायाने बाजूला केलं. "नाही अनुपम. पहिली दोन वर्षं थेट ॲम्पमध्ये. आवाज बोटांतून आला पाहिजे. तू असाच शिकला ना?"

अवंतिकाने वायर जोडली आणि सुरुवात केली. जाड तारांवर ठीक होतं. पण तुकडा बारीक तारांवर गेला तसा प्रत्येक स्वर सुईसारखा निघू लागला. बोटं बरोबर पडत होती. तिला ते कळत होतं, आणि तरी कान टोचत होता, तिचा स्वतःचासुद्धा. बेबीताईंनी अर्ध्यातच हात वर केला.

"पुरे, पुरे. बोटं छान चालतात गं तुझी. पण हा आवाज..." त्यांनी कानावर पदर दाबला. "नीलकंठराव, मी काय बोलू आता? विभावरीवहिनी चहा करून राहिल्या, तो घेते. तेवढ्यात काही जमलं तर बघा. नाही जमलं तर मग पेटीवाल्यांना फोन करते मी."

त्या आत गेल्या. अवंतिका पाणी प्यायला उठली. मधल्या बोळात बाबा मागोमाग आले.

"बाबा, आवाज टोचतो ना?" तिने विचारलं.

"हळू बोल."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे, बेटा. तीन वर्षं झाली. नीलकंठकाकांना बारीक आवाज ऐकू येत नाही आता."

"मग सांगत काहून नाही त्यांना?"

बाबा भिंतीला टेकले. ते आदल्या दिवशी बारा तासांची ड्यूटी करून आले होते, आणि त्यांचा चेहरा आत्ता त्याहून जास्त दमलेला दिसत होता. "कसं सांगू? त्यांनी माझी बोटं धरून तारेवर ठेवली होती. त्यांना सांगू की तुमचा कान गेला? पुंडलिक टोन बंद करून वाजवते. मी पेडल घेतो. एक पुरलं नाही की दुसरं घेतो. चालून जाते आमचं."

"माझ्याजवळ पेडल नाही," अवंतिका म्हणाली.

बाबांनी पेल्यात पाणी ओतून तिच्यापुढे धरलं.

मुलांनो, यात वाईट कोणीच नव्हतं. आजोबांना खरंच वाटत होतं की ॲम्प थकला. बाकी दोघांना वाटत होतं की गप्प राहणं म्हणजेच मान देणं. आणि त्या गप्प राहण्याचा सगळा भार बारा वर्षांच्या पोरीच्या तुकड्यावर येऊन पडला होता.

ती परत खोलीत आली तेव्हा नीलकंठ आजोबा ॲम्पसमोर वाकले होते.

"बेबीताईंना साफ ऐकू नाही आलं," ते म्हणत होते. "हा धोका देऊन राहिला. दहावर नेतो ट्रेबल, बस." त्यांची बोटं बटणावर गेली.

"आजोबा, थांबा."

बोटं थांबली.

"दाराची बेल तुम्हाला ऐकू आली होती?"

"कोणती बेल?"

"बेबीताई आल्या तेव्हाची. चिमणीवाली. चार वेळा वाजली."

आजोबा हसले. "ती बंद पडली आहे बेटा, दोन वर्षं झाली."

"बंद नाही," अवंतिका म्हणाली. तिने बटणांकडे बोट दाखवलं. "आम्ही सगळ्यांनी ऐकली. आजोबा, बासचा ठिपका एकच आहे. ट्रेबलचेच सहा आहेत. ॲम्प बरोबर आहे."

पुंडलिककाका जमिनीकडे बघू लागले. आजोबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बाबांकडे.

"अनुपम?"

"काका..."

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं," पुंडलिककाका खालीच बघत म्हणाले. "थोडं जास्तच."

"अन् तू पेडलं घेत राहिला."

"हो," बाबा म्हणाले.

आजोबा खाटेवर बसले. त्यांनी दोन्ही तळहात कानांवर धरले आणि पुन्हा काढले. रागावले असते तर बरं, असं अवंतिकाला वाटलं.

"घणापाशी कानात कापूस घालून उभे राहायचो आम्ही," ते म्हणाले. "संध्याकाळी कान वाजायचे. रात्री झोपलं की वाजणं थांबायचं. वाटायचं, गेलं." त्यांनी ॲम्पकडे पाहिलं. "अन् मी या बिचाऱ्याला दोष देत राहिलो. चांगला स्पीकर काढून टाकला याचा."

"काका, तसं नाही..." बाबा पुढे झाले.

"राहू दे रे. दमलो मी. तुम्हीही दमले असाल." ते अवंतिकाकडे वळले. "घे बेटा, तूच फिरव. तुला जिथे बरं वाटेल तिथे ठेव. आता माझं त्यात काय काम."

आतून बेबीताई कपबशी घेऊन दारापाशी आल्या होत्या. काय चाललं आहे ते त्यांना कळलं असावं, कारण त्या आत आल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. फोन दुसऱ्या हातात होता.

बटण आता अवंतिकाचं होतं. एका हाताने फिरवलं असतं तर क्षणात काम झालं असतं, आणि तुकडाही वाचला असता.

तिने बटणाला हात लावला नाही. तिने आजोबांचा हात धरला, त्यांना खाटेवरून उठवलं, स्टुलासमोर बसवलं आणि त्यांची बोटं ट्रेबलच्या बटणावर ठेवली. मग आपल्या जागी जाऊन गिटार मांडीवर घेतली.

"तुम्ही फिरवा आजोबा," ती म्हणाली. "हळूहळू. कुठे थांबायचं ते मी सांगते."

आणि ती सगळ्यांत बारीक तार छेडत राहिली. आठवर मान हलवून नाही म्हणाली, सातवर नाही म्हणाली, आणि पुन्हा तार छेडली.