भांडणाची शिकवणी

माझे सासरे बस डेपोत फोरमन होते आणि त्यांचा आवाज डेपोच्या भोंग्याच्या वरचा होता. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं की ते माझ्यावर चिडलेत. नंतर कळलं, ते मीठ मागत होते.

असा माणूस पॅरालिसिसच्या झटक्याने गप्प झाला. हातपाय बऱ्यापैकी परत आले, वाचा काही येईना. डोक्यात सगळं जागच्या जागी, पण तोंडातून भलताच शब्द पडायचा. चहा मागायला जावं आणि ‘चप्पल’ यावं. औषध हवं असलं तरी चप्पल, खिडकी उघडायची असली तरी चप्पल. एकदा आमच्या ह्यांनी खरोखरच चपला आणून पुढ्यात ठेवल्या, तेव्हा ते रडले. इतकी वर्षं मी त्यांच्या आरडाओरड्याला कंटाळले होते, पण त्या दिवशी तो परत यावा म्हणून मी हात जोडले.

इस्पितळाने त्यांना बोलायला शिकवण्यासाठी एक मुलगी पाठवली. तिशीची, किडकिडीत, सीमेच्या पलीकडची. आमचा देश तेव्हा शेजारच्या देशांबरोबर एका महासंघात होता, त्यामुळे पलीकडच्या माणसाला इकडे नोकरी करायला कोणाची परवानगी लागत नसे. ती रोज टेबलावर चित्रांचे पत्ते मांडायची. कप, छत्री, किल्ली. “काका, हे काय आहे सांगा बघू?” काका भिंतीकडे तोंड करून बसायचे. ज्याने आख्खं इंजिन उघडून पुन्हा बसवलं, त्याला कप ओळखायला सांगितल्यावर दुसरं काय होणार?

त्या दिवसांत सगळीकडे एकच विषय होता. महासंघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर देशभर मतदान व्हायचं होतं. मी राहण्याच्या बाजूची, आमचे हे बाहेर पडण्याच्या. पण आमचं भाजीवरसुद्धा कधी एकमत होत नाही, तिथे देशाचं काय घेऊन बसलात! एकदा रेडिओवर तीच चर्चा चालू होती आणि पत्ते आवरता आवरता ती मुलगी मला म्हणाली, “ताई, एका घरात राहायचं म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. म्हणून कोणी घर सोडतं का?”

“ब्रेक!”

आम्ही दोघी दचकून वळलो. सासरे खुर्चीत पुढे झुकले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

“ब्रेक. बस उभी. चार महिने. सही... सही तिकडे!”

मला ती कथा पाठ होती. एका ब्रेकच्या सुट्या भागासाठी त्यांची बस चार महिने डेपोत धूळ खात पडली, कारण तो भाग बसवायला महासंघाच्या मुख्यालयातून सही यायची होती. तेव्हापासून त्यांनी महासंघाचं नाव टाकलं होतं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ती मुलगी हुशार. तिने पत्ते पिशवीत कोंबले, खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर ठाण मांडलं.

“मग काय झालं? नियम नकोत का सगळ्यांना सारखे? उद्या कोणीही दोरीने ब्रेक बांधेल!”

“दोरीने?” सासरे कडाडले. “माझ्या डेपोत? दोरीने?”

मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. झटक्यानंतरचा त्यांचा तो पहिला प्रश्न होता.

त्यानंतर मतदान होईपर्यंत पत्ते पिशवीतून बाहेर आलेच नाहीत. रोज दुपारी आमच्या बैठकीत देशाचा निकाल लागायचा. ती म्हणायची, बाजार मोठा असला तर सगळ्यांचं पोट भरतं. ते म्हणायचे, पोट भरतं, पण ताटात काय वाढायचं ते परका ठरवतो. ती मुद्दाम काहीतरी आगाऊ बोलून त्यांना डिवचायची आणि एखादा शब्द अडला की आपलं भांडण बाजूला ठेवून तोच शब्द त्यांच्याकडून सावकाश घोटून घ्यायची. मग म्हणायची, “हं, आता हाणा मला.” ते तिला मास्तरीण म्हणू लागले. तिच्या मुद्द्यांवर ते रात्री विचार करायचे, हे मला ठाऊक आहे, कारण सकाळी चहाबरोबर उत्तर मला ऐकावं लागायचं.

एकदा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “बाई गं, हे बाहेर पडणारे जिंकले तर तुझं काय?”

“जावं लागेल बहुतेक,” ती म्हणाली. “पण ताई, काल त्यांनी ‘परंतु’ वापरलं. परंतु! किती अवघड असतं ते, माहीत आहे?”

मतदानाच्या आधी तिने त्यांच्याकडून नाव आणि पत्ता बोलून घेतला, कारण केंद्रावर ते विचारणार होते. नावाशी त्यांची जीभ हटकून अडायची. ती मात्र हटली नाही. मतदानाच्या दिवशी त्यांचा हात धरून तीच त्यांना शाळेपर्यंत घेऊन गेली. तिला मत नव्हतं, म्हणून ती काठी सांभाळत फाटकाशी थांबली. आत सासऱ्यांनी टेबलाशी उभं राहून आपलं नाव, गल्ली, घर सगळं खणखणीत सांगितलं. अख्ख्या खोलीने वळून पाहिलं. बाहेर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “नाव नीट आलं ना?”

“आलं,” ते म्हणाले, आणि तिच्या हातातली काठी घेऊन चालू लागले.

बाहेर पडणारे जिंकले. आमच्या ह्यांनी पेढे आणायचं काढलं, तर सासऱ्यांनी नको म्हणून नुसती मान हलवली. काही दिवसांनी सरकारने सांगितलं की पलीकडच्या माणसांनी हातातलं काम संपेपर्यंत राहावं, मग परत जावं. इस्पितळाने तिचे बाकीचे रुग्ण इथल्या लोकांना देऊन टाकले. तिच्याकडे राहिले एकटे फोरमन.

ती वेळेवर यायची, पण आता पिशवीतून पत्ते काढायची. सासरे चिडवायचे, “काय मास्तरीण, आज बाजार नाही का मोठा?”

“काका, तो वाद संपला आता,” ती हसून म्हणायची. “छत्री म्हणा.”

ते निमूटपणे छत्री म्हणायचे. त्यांचा चेहरा बघून मला त्यांच्या मताचा राग धरणंही जमेना.

मग इस्पितळातून डॉक्टर तपासायला आले. रुग्ण बरा बोलतो असं त्यांनी ठरवलं की शिकवणी बंद, आणि तिची बॅग भरलेलीच होती. त्याच दिवशी सकाळी सासऱ्यांनी मला भाजी जास्त शिजवल्याबद्दल पाच मिनिटं भाषण दिलं होतं, ‘परंतु’ आणि ‘तथापि’सकट. मुलगी परीक्षेला बसवलेल्या पोराच्या आईसारखी दाराशी उभी होती.

डॉक्टरांनी कपाचा पत्ता उचलला. “हे काय?”

सासऱ्यांनी कपाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग फार कष्टाने तोंड उघडलं.

“चप्पल.”

छत्री? चप्पल. किल्लीला त्यांनी बराच वेळ घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवून पाहिले. ती किल्लीही चप्पलच निघाली.

“डॉक्टर, नाही हो, त्यांना येतं—” मुलीला रडू फुटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “घरी बोलतात का काही?”

देवाशपथ, खोटं बोलायची मला सवय नाही. “कुठलं हो!” मी म्हटलं. “दिवसभर चपला मोजून मोजून माझा जीव गेला.”

शिकवणी चालू ठेवा, घाई करू नका, असं सांगून डॉक्टर गेले. दार लागलं आणि ती सासऱ्यांवर तुटून पडली. “माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओतलंत! आता इस्पितळात सगळे म्हणणार, हिला शिकवता येत नाही. आणि काका, मला घालवायचं मत तुम्हीच दिलंत ना?”

“दिलं,” सासरे म्हणाले. “उद्या पुन्हा मतदान घेतलं तरी तेच देईन. देश बाहेर पडायलाच हवा होता.”

“मग ही चप्पल कशाला?”

ते गप्प झाले. शब्द अडला नव्हता, एवढं आता मलाही ओळखता येत होतं.

“माझं नाव तू शिकवलंस,” ते अखेर म्हणाले. “तेच सांगून मी आत गेलो आणि मत दिलं. सगळा हिशेब केला होता पोरी, ब्रेकचा, सहीचा, बाजाराचा. त्यात तू जाशील, हे मी धरलंच नव्हतं. बाहेर आलो आणि तू माझी काठी घेऊन उभी होतीस.”

ती ओढणीने नाक पुसत तशीच उभी राहिली. सासऱ्यांनी समोरची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली.

“बस. आणि सांग बघू, तुमच्या त्या महासंघाने आमचं कोणतं भलं केलं होतं?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचे पत्ते गोळा करून पिशवीत टाकले आणि खुर्ची पुढे ओढली.