रविवारी उघडं दुकान

ब्याण्णव सालच्या लग्नसराईत आमच्या पेठेतल्या दुकानदारांनी रविवारी बंद पाळायचा ठराव केला, तेव्हा मी भर बैठकीतून उठून आलो. बंद कसला? कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशीच बायकापोरांना स्कूटरवर घेऊन बस्ता बांधायला सांगलीत येतात. त्यांना काय कुलूप दाखवायचं? सगळ्यांनी दुकानं मिटली, मी साड्यांचं दुकान उघडं ठेवलं. गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायला मधू होताच, गेली अठरा वर्षं.

त्या रविवारी मधूच्या मुलीला, मयूरीला बघायला रहिमतपूरहून पाहुणे यायचे होते. स्थळ मीच सुचवलेलं. मुलगा सूरज, तिथल्या माझ्या मेहुण्याच्या दुकानात कामाला. "चारला सोडतो," असा शब्दही मी मधूला दिला होता. पण तीनपासून गर्दी हटेना. चार वाजले तसा मधू माझ्याकडे बघायला लागला आणि मी मुद्दाम रस्त्याकडे.

"मालक, पाहुणे आले असतील," साडेचारला तो म्हणाला.

"पळून चाललेत का? एवढा बस्ता उरक, मग जा." मी खेकसलो. घड्याळाकडे बघत तो पुढची साडी उलगडायला लागला, ते मला दिसत होतं. आज लाज वाटते.

पाच वाजता पाहुणेच दुकानात आले. सूरज, त्याची आई हरणाबाई आणि मागून मयूरी.

"आवं, बापाच्या माघारी पोरगी बघत न्हाईत आमच्यात," हरणाबाई माझ्यावरच घसरल्या. "साडेपाचची यष्टी हाय. आता हितंच बघतो!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मधूनं हातात साडी तशीच धरून नमस्कार केला. स्थळ हातचं जाईल म्हणून मी घाईघाईनं गादीवर जागा केली, सरबत मागवलं. हरणाबाईंनी शिक्षण विचारलं, चार पावलं चालायला लावलं. मधूची मान काही वर होईना. शेवटी त्या निवळल्या.

"पोरगी पसंत हाय. तुला काय इचारायचं आसंल तर इचार बाई."

असं सगळेच म्हणतात आणि मुली नुसती मान हलवतात. मयूरीनं सूरजकडे सरळ बघितलं. "तुम्हाला सुट्टी कधी असते?"

तो हसला. "दुकानात कसली सुट्टी? मालक सोडतील तवा."

"मग मला नको."

हरणाबाई ताडकन उठल्या आणि लेकाला घेऊन चालू लागल्या. मी भडकलो. "मधू, डोकं फिरलंय हिचं! समजाव हिला!"

मधू उठला. मला वाटलं, आता मारतोय पोरीला. त्यानं साडी बाजूला ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चल बाळा, घरी जाऊ." अठरा वर्षांत पहिल्यांदाच तो मला न विचारता पायरी उतरला.

"मालक, ती मोरपंखी दाखवा की," एक बाई म्हणाली.

मोरपंखी कुठल्या कप्प्यात असते, मला ठाऊक नव्हतं.

"बंद आहे दुकान," मी म्हणालो.