डुकरिणीच्या पाठीवर उतरलेलं विमान

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून सेप क्लॅक्सन शेकोटीजवळच्या खुर्चीत आणखी रुतला.

'लंगडा हंस' पबात शेकोटीजवळ खुर्ची एकच. शेतातलं बीट निघालं की तिच्यावर हक्क सांगणाऱ्यानं गोष्ट सांगायची. थापेला मनाई नव्हती, थाप पकडली जायला होती. बिअरचा मग रिकामा होईस्तोवर कुणी पकडलं नाही, तर हिवाळाभर खुर्ची त्याची; पकडलं, तर पकडणाऱ्याची. सेपचे गुडघे आताच कुरकुरायला लागले होते. खुर्ची गेली की उरणार ती दाराजवळची जागा, जिथे वारा थेट समुद्रावरून येऊन मांडीवर बसतो. तिथे सध्या हिल्डा मॉसप शालीत गुरफटून मोजा विणत होती. युद्धात ती विमानतळावर गाडी चालवायची, परतलेल्या पोरांना धावपट्टीवरून घेऊन यायची.

सेपनं घोट घेतला आणि सुरुवात केली. तो बॉम्बरचा शेपटीतला तोफची. सगळ्या विमानाकडे पाठ करून बसायचं. जर्मनीला सगळ्यात शेवटी टाटा करणारा माणूस तोच. त्या पहाटे तेलाची नळी फुटलेली, त्या तेलाच्या जोरावर उतरणारी चाकं काही खाली येईनात. मग सगळ्यांनी आपापल्या थर्मासमधला चहा तेलाच्या टाकीत ओतला. एक चाक आलं. दुसरं अर्ध्यात अडलं, कारण कॅनडाचा वैमानिक बिनसाखरेचा चहा प्यायचा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. साखरेच्या रेशनचे दिवस सगळ्यांच्याच लक्षात होते.

विमान एका चाकावर टेकलं, धावपट्टी सोडून कुंपणातून घुसलं ते थेट शेजारच्या कोबीत. आता डावा पंख जमिनीला घासून पेट घेणार, तोच शेतकऱ्याची थोराड डुकरीण पंखाखाली शिरली आणि पंख पाठीवर तोलत शेताच्या टोकापर्यंत धावली. एकालाही खरचटलं नाही. सकाळच्या न्याहारीला अंडं मिळालं, पण डुकराच्या बेकनला कुणी हात लावला नाही.

सगळे हसले. हिल्डाच्या सुया चालूच होत्या. मगात घोटभर बिअर उरली होती. सेपनं मग ओठांपर्यंत नेला.

"पण काय रे सेप," मालक क्लॅरी गल्ल्यावरून म्हणाला, "डुकरिणीला कळलं कसं?"

शहाण्या माणसानं आधी घोट घेतला असता. पण एवढं आयतं विचारल्यावर सेपला कुठलं राहवतंय? त्यानं मग खाली ठेवला.

"कळलं म्हणजे? अरे, मी जागचा हललो नव्हतो. माझ्या तोफांच्या मधून बघतोय, तर कोबीत ही बया समोर उभी. आम्ही सरळ तिच्याच अंगावर चाललोय. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं, मी मान डावीकडे हलवली, आणि ती शिरली की पंखाखाली!"

सुया थांबल्या. हिल्डानं मोजा घडी करून पिशवीत ठेवला, शाल आवरली आणि ती उठली.

"सेप, राजा," ती म्हणाली, "चहा गिळला, डुकरीणही गिळली. पण तू शेपटीत, मागे तोंड करून बसलेला. तुला समोरची डुकरीण दिसली कुठून? ऊठ बघू आता."